स्पार्क यूआय : अडकलेला टास्क शोधून देणारं पान

रात्रीचा जॉब सकाळपर्यंत रेंगाळला की आमच्याकडे पहिली मागणी ठरलेली : मशीन वाढवा. त्या मागणीला हो म्हणण्याआधी मी स्पार्क यूआय उघडते. अपाचे स्पार्क म्हणजे मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून प्रोसेस करणारं सॉफ्टवेअर, आणि त्याच्याबरोबर फुकट मिळणारं हे पान अनेक टीम वर्षानुवर्षं नीट बघतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी पुण्यात डेटा इंजिनिअर आहे. सुपरमार्केटच्या साखळीची बिलं रात्रीत प्रोसेस करायची आणि दुकानं उघडायच्या आत मॅनेजरांना रिपोर्ट द्यायचे, हे आमचं काम.

जॉब चालू असताना ड्रायव्हरच्या, म्हणजे जॉब हाकणाऱ्या मुख्य प्रोसेसच्या, ४०४० पोर्टवर ब्राउझरमध्ये हे पान दिसतं. नवीन माणूस जॉब्सच्या टॅबवरच घुटमळतो, पण खरा ऐवज आहे स्टेजच्या, म्हणजे जॉबच्या एकेका टप्प्याच्या, पानावर. तिथल्या समरी मेट्रिक्सच्या तक्त्यात टास्कला (स्टेजमधल्या कामाच्या एका तुकड्याला) लागलेला वेळ, जीसी (मेमरी साफ करण्यात गेलेला वेळ), शफलमध्ये (मशीनमधल्या डेटाच्या देवाणघेवाणीत) वाचलेला डेटा असं सगळं येतं, आणि प्रत्येकाचं मिनिमम, मीडियन (मधोमधची किंमत), मॅक्स शेजारी शेजारी. नुसती सरासरी दिली असती तर दुखणं लपून राहिलं असतं. एक मात्र ध्यानात ठेवा : या तक्त्यात फक्त संपलेले टास्क धरतात. अडकलेला टास्क हवा असेल तर खालची यादी ड्युरेशनप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा.

आमची एक स्टेज अशीच अडकायची. ग्राहकवार खरेदीचा क्रम लावायचं काम. एक सोडून सगळे टास्क काही सेकंदांत संपलेले आणि तो एकटा पाऊण तास चालूच. विंडो फंक्शन, म्हणजे ओळींचे गट करून गटाच्या आत क्रम लावणारं फंक्शन, मोबाइल नंबरवर लावलं होतं, म्हणून नंबरवार बिलं मोजली. सगळ्यात वर निघाला ९९९९९९९९९९. ग्राहकाने नंबर दिला नाही की काउंटरवरची मुलं दहा वेळा नऊ दाबून बिल पुढे सरकवतात. समोर रांग लागलेली असताना ती तरी काय करणार! विंडोमध्ये एका नंबरच्या सगळ्या ओळी एकाच टास्ककडे जातात. तिथे मशीन वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. आम्ही ती बिलं आधीच बाजूला काढली, कारण त्यांच्यामागे एक ग्राहक नव्हताच आणि क्रमाला काही अर्थ नव्हता. त्यानंतर ती स्टेज कधी लक्षात येण्याइतकी रेंगाळली नाही.

स्पार्क ३.२ पासून अ‍ॅडाप्टिव्ह क्वेरी एक्झिक्युशन (क्वेरी चालू असतानाच तिचा प्लॅन सुधारणारी सोय) मुळातच चालू असतं, त्यामुळे असं काही आपोआप सुटेल असं पुष्कळांना वाटतं. जॉइनमध्ये, म्हणजे दोन तक्ते जोडताना, ते खरंच मदत करतं, पण पार्टिशन (एका टास्कच्या वाट्याचा डेटा) मीडियनच्या पाचपटीहून मोठं आणि २५६ एमबीच्याही वर असेल तरच. विंडो फंक्शनला त्याचा आधार नाही.

एसक्यूएलचा टॅबही फार कामाचा. प्लॅनच्या, म्हणजे क्वेरीच्या पायऱ्यांच्या आकृतीच्या, बऱ्याच चौकटींत किती ओळी बाहेर पडल्या ते दिसतं. जॉइनमध्ये गेल्या त्याहून कितीतरी जास्त ओळी बाहेर येताना दिसल्या, की मी वस्तूंच्या मास्टर यादीत दोनदा भरलेले बारकोड शोधायला लागते. स्टेजच्या पानावर स्पिलचे (डेटा डिस्कवर उतरवल्याचे) रकाने उगवले तर डेटा मेमरीत मावत नाही असं समजायचं. एक्झिक्युटर्सच्या (टास्क चालवणाऱ्या प्रोसेसच्या) टॅबवर जीसीचा वेळ टास्कच्या वेळेच्या दहा टक्क्यांवर गेला की तो रकाना लाल होतो.

आता उणिवा. पायस्पार्कमधून, म्हणजे पायथनमधून स्पार्क चालवलं की स्टेजचं नाव 'शोस्ट्रिंग अ‍ॅट नेटिव्हमेथडअ‍ॅक्सेसरइम्पल' असलं काहीतरी दिसतं, आणि आपल्या कोडमधली नेमकी कोणती पायरी ते कळायला मार्ग नसतो. मोठ्या पायरीआधी सेट जॉब डिस्क्रिप्शनने आपलं नाव दिलं की हा त्रास बराच कमी होतो. आमच्याकडे आता 'बिलं साफ करणे', 'ग्राहक क्रम' अशी नावं येतात आणि रात्रपाळीतल्या नव्या मुलालाही ती वाचता येतात. पायथनच्या यूडीएफमध्ये (आपण लिहिलेल्या फंक्शनमध्ये) कोणत्या ओळीवर वेळ गेला, तेही इथे दिसत नाही. त्यासाठी वेळ मोजणारा प्रोफायलरच लावावा लागतो.

मोठी खोट ही, की जॉब संपला की ४०४० वरचं पानही जातं. सकाळी तक्रार येते तेव्हा बघायला काहीच उरत नाही. इव्हेंट लॉग, म्हणजे जॉबमध्ये काय घडलं त्याची नोंद, मुळात बंद असतो. तो चालू करून हिस्टरी सर्व्हर उभा केला, की संपलेल्या जॉबची हीच पानं १८०८० पोर्टवर मिळतात. कालची चांगली रात्र आणि आजची वाईट रात्र दोन खिडक्यांत उघडून स्टेजला स्टेज ताडून बघता येते. मी टीम बदलली तर पहिल्या आठवड्यात हीच सोय मागून घेईन.