पुण्याहून परदेशी जाताना: गाडीने मुंबई गाठावी की लोहगावहून दिल्लीमार्गे जावं?

पुण्याहून युरोप-अमेरिकेला थेट विमान नाही. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. जुलै २०२४ मध्ये तिथे नवं टर्मिनल सुरू झालं, तरी परदेशी विमानं दुबई-बँकॉकसारख्या मोजक्या शहरांपुरतीच. त्यामुळे लांब जायचं तर दोन वाटा उरतात. एक, गाडी करून मुंबई विमानतळाचं टी२ (टर्मिनल २) गाठायचं आणि तिथून उडायचं. दुसरी, लोहगावला सामान देऊन दिल्लीमार्गे पुढे जायचं.

बहुतेक घरांत ही निवड तिकिटाच्या किमतीवर होते. माझ्या मते आधी वेगळा प्रश्न विचारावा: उशीर झाला तर तो कुणाच्या अंगावर पडणार? द्रुतगती मार्गावर अडकून विमान चुकलं तर तो उशीर पूर्णपणे तुमचा. पुणे-दिल्ली-लंडन असं सगळं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, असेल आणि पुण्याचं विमान उशिरा सुटल्यामुळे दिल्लीचं हुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. हा फरक काही हजार रुपयांपेक्षा मोठा आहे.

मात्र ‘एकाच पीएनआरवर’ ही अट विसरू नका. पुणे-दिल्ली एका कंपनीचं स्वस्त तिकीट आणि दिल्ली-लंडन दुसऱ्या कंपनीचं, असं स्वतः जुळवलं तर तुम्ही पुन्हा एकटेच. दिल्लीत सामान घ्या, कदाचित टर्मिनल बदला, पुन्हा काउंटरवर उभे राहा, आणि पहिलं विमान रखडलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. अशी जोडणी करायचीच असेल तर मध्ये पाच-सहा तास तरी ठेवा. त्यापेक्षा मुंबई बरी.

मुंबईचं गणित उलटं मांडायचं

पश्चिमेकडे जाणारी बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात. समजा, विमान रात्री सव्वादोनचं आहे. परदेशी विमानाचं काउंटर सुटण्याच्या ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतं, पण रांग, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी धरून टी२च्या दारात तीन तास आधी, म्हणजे सव्वाअकराला पोचायला हवं. कोथरूडहून साधारण दीडशे किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तीन-साडेतीन तास. पण त्या दीडशेतले शेवटचे तीसच खरे कठीण: वाशीचा पूल, चेंबूर, मग अंधेरीकडची रांग. म्हणून मी साडेपाच-सहालाच निघा म्हणेन. लवकर पोचून टी२मध्ये दोन तास बसणं कंटाळवाणं असतं, पण खंडाळ्याच्या घाटात ट्रेलरमागे उभं राहून घड्याळ बघण्यापेक्षा कितीतरी सोपं. रविवार संध्याकाळ असेल तर आणखी एक तास वाढवा, कारण लोणावळ्याहून मुंबईला परतणारी सगळी गर्दी तुमच्याच बाजूच्या रस्त्यावर असते.

इथे तारखेकडे नीट बघा. तिकिटावर १५ तारीख, ००:४० असं असेल तर घरातून १४च्या दुपारीच निघायचं आहे. मुलांनी परदेशातून काढलेल्या तिकिटावर आई-वडिलांचा हा गोंधळ हमखास होतो. त्यांना तारखेऐवजी ‘मंगळवारी दुपारी चारला गाडी दारात येईल’ असं सांगा.

मुंबईच्या बाजूने एक चांगली गोष्ट म्हणजे जानेवारी २०२५ पासून तिथे ‘ट्रस्टेड ट्रॅव्हलर’ योजनेची ई-गेट्स आहेत. नाव नोंदवून बोटांचे ठसे दिले की इमिग्रेशनची लांब रांग टळते. पण ही नोंदणी प्रवासाच्या बरीच आधी करायला लागते.

लोहगावचं गणित

घरापासून विमानतळ जवळ, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. पुणे-दिल्ली हा टप्पा देशांतर्गत असला तरी तुमचा व्हिसा आणि कागद पुण्याच्याच काउंटरवर तपासले जातात, सामानाला शेवटच्या शहराची चिठ्ठी तिथेच लागते. नेहमीच्या दिल्ली-बेंगळुरूच्या प्रवासाला दीड-दोन तास आधी पोचणं पुरतं, इथे अडीच तास ठेवा. संध्याकाळी नगर रस्ता आणि विमाननगर ओलांडायचं असेल तर तो वेळ वेगळा. काउंटर सोडण्याआधी दोन्ही बोर्डिंग पास हातात आलेत का आणि सामानाच्या पावतीवर शेवटचं शहर आहे का, हे बघा.

दिल्लीत मध्ये किती वेळ हवा? इमिग्रेशन तिथे होतं, त्यामुळे तीन तासांखालची जोडणी मी घेणार नाही, कंपनी विकत असली तरी.

महिना बघून ठरवा

जुलै-ऑगस्टमध्ये घाट बेभरवशाचा. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली होती, आणि जोरदार पावसात तो पट्टा आजही धाकधूक लावतो. त्या दिवसांत लोहगाव निवडा, किंवा मुंबईत आदल्या रात्री नातेवाईकांकडे नाहीतर हॉटेलात मुक्काम करा. डिसेंबर-जानेवारीत उलट. दिल्लीच्या धुक्यात पहाटेची विमानं तासन्‌तास रखडतात, आणि घाट मात्र कोरडा, मोकळा असतो. त्या दोन महिन्यांत मुंबईच. दिल्लीमार्गे जाणं भागच असेल तर दुपारी तिथे उतरणारं विमान घ्या.

वयस्क आई-वडील पहिल्यांदाच निघाले असतील तर ऋतू कोणताही असो, मी मुंबईहून कमीत कमी थांब्यांचं विमान सुचवेन. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागता येते, पण प्रत्येक थांब्यावर ती येईपर्यंत वाट बघावी लागते आणि अनोळखी माणसाच्या हाती स्वतःला सोपवावं लागतं. एक थांबा कमी झाला तर त्यांचा निम्मा ताण जातो.

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली आहेत. सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली. उलवे-पनवेलचा तो भाग पुण्याकडून येताना मुंबईच्या अलीकडेच लागतो, वाशी-चेंबूर टळतं. तिकीट काढताना ‘मुंबई’ एवढंच वाचू नका, विमानतळाचा कोडही बघा: बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवा.

परतीचा विचार वेगळा करा. दिल्लीमार्गे येताना सामान सहसा दिल्लीतच घेऊन, कस्टम्स ओलांडून, पुन्हा पुण्यासाठी द्यावं लागतं. लांबच्या प्रवासानंतर ते जिवावर येतं. मुंबईला उतरणं सोपं, पण रात्री दोनला उतरून लगेच घाटाकडे निघणं मला मान्य नाही. चालक दिवसभर जागा असतो, तुम्ही आदल्या दिवसापासून. त्याला संध्याकाळी झोप काढून यायला सांगा, नाहीतर उजाडेपर्यंत टी२मध्येच थांबा आणि सहाला निघा.