रिकाम्या खोक्यांचा ताळेबंद

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा लहान कारखाना आहे. बुटीबोरीतील एका मसाला कंपनीला मी 2019 पासून खोकी पुरवत होतो आणि डिसेंबर 2023 मध्ये त्याच कंपनीत 45 लाख रुपये गुंतवून बसलो. त्यातला एक रुपयाही अजून परत आलेला नाही. प्रकरण पोलिसांकडे आणि बँकेच्या वकिलांकडे असल्यामुळे कंपनीचे, बँकेचे किंवा कोणा व्यक्तीचे नाव येथे घेत नाही. परंतु व्यवहार कसा घडला, कोणते कागद मला दाखवले गेले आणि कोणते मी स्वतः काढून पाहायला हवे होते, हे सविस्तर लिहितो, कारण आमच्या वसाहतीतील आणखी दोघांकडे अशाच स्वरूपाचे प्रस्ताव आल्याचे माझ्या कानावर आले आहे.

2022 च्या दिवाळीपर्यंत ती कंपनी माझ्याकडून महिन्याला साधारण 18 हजार खोकी घेत असे. त्यानंतर मागणी वाढत वाढत 30 हजारांवर गेली. खोकेवाल्याला गिऱ्हाइकाचा धंदा सगळ्यांच्या आधी कळतो, असे आम्ही आपसांत म्हणत असतो आणि ते बहुधा खरेही असते. साबणवाल्याची विक्री घटली की त्याच्या वितरकाआधी ती आमच्या यंत्रावर दिसते. पैसे मात्र उशिरा येऊ लागले. पूर्वी 45 दिवसांत चुकते होणारे बिल चार-चार महिने रखडू लागले आणि नोव्हेंबर 2023 पर्यंत माझे 31 लाख अडकले. माल मोठ्या दुकानसाखळ्यांना उधारीवर जातो, तिकडून पैसा सुटला की आधी तुमचा, असे संचालक सांगत. मागणी वाढते आणि पैसा अडकतो, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या असत्या तर शंका आली असती. मी पहिली गिऱ्हाइकाच्या भरभराटीच्या खाती मांडली आणि दुसरी बाजाराच्या मंदीच्या.

डिसेंबरात त्यांनी मला रामदासपेठेतल्या कार्यालयात बोलावले. बँक कॅश क्रेडिटची, म्हणजे माल आणि ग्राहकांकडून यायच्या पैशांच्या तारणावर मिळणाऱ्या खेळत्या कर्जाची, मर्यादा वाढवायला तयार आहे, पण कंपनीत आधी नवे भांडवल दिसले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. तुमचे 31 लाख शेअरमध्ये घ्या, वर 14 लाख घाला, दोन वर्षांत शेअर बाजाराच्या लहान कंपन्यांसाठीच्या एसएमई मंचावर आयपीओ आणतो, तेव्हा तिप्पट होतील, असा प्रस्ताव होता. "तुम्ही तर घरचेच आहे ना भाऊ, बाहेरच्याला कायले बोलवायचं?" हे वाक्य त्यांनी चहा ओतता ओतता म्हटले. मग 2022-23 चा लेखापरीक्षित ताळेबंद समोर ठेवला. विक्री 41 कोटी, करोत्तर नफा 2.86 कोटी, सर्व कर्जे मिळून 4.10 कोटी. खाली सनदी लेखापालाची सही, शिक्का आणि अठरा अंकी यूडीआयएन, म्हणजे लेखापालाच्या प्रत्येक अहवालाला मिळणारा वेगळा ओळख क्रमांक. मी त्या क्रमांकाकडे नोटेवरच्या क्रमांकाकडे पाहावे तसे पाहिले, म्हणजे तो आहे एवढेच पाहिले.

दुसऱ्या दिवशी बुटीबोरीचे गोदाम दाखवले. छतापर्यंत माझ्याच खोक्यांच्या थप्प्या होत्या, टेप मारून बंद केलेल्या, बाहेर मिरची पावडरची लेबले. तिथल्या दोन गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या आणि तरीही पाहिल्या नाहीत. मिरचीच्या गोदामात दारातच ठसका लागतो. हंगामात कळमन्याच्या बाजारात गेलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. मला तिथे अर्ध्या तासात एकदाही ठसका लागला नाही. दुसरे असे, की भरलेल्या खोक्यांची थप्पी महिनाभर उभी राहिली की तळच्या खोक्याची कड किंचित फुगते आणि कोपरे दबतात. पाच थरांचे (पाच प्लायचे) असले तरी थोडे दबतेच. तिथे तळची खोकी कालच यंत्रावरून उतरल्यासारखी ताठ होती. "पाहा, तुमचा माल कसा उभा आहे," असे संचालक म्हणाले आणि ते मी माझ्या कागदाच्या दर्जाचे कौतुक समजलो.

आमच्या टेम्पोचालकाने तर आठवडाभर आधीच सांगितले होते, "भाऊ, तिकडे तुमचे खोके रिकामेच टेप मारून थप्पीले लावून राहिले न." भरायच्या आधी बांधून ठेवत असतील, असे उत्तर मी दिले. रिकामे खोके घडी करून आडवे ठेवतात आणि भरायच्या वेळीच उभे करतात, हे माझ्या कारखान्यातला नवा पोरगाही जाणतो. पण 31 लाख ज्याच्याकडे अडकले आहेत तो माणूस बुडतो आहे, हे मानायला मन तयार नसते.

पैशाची फिरवाफिरवी अशी झाली. थकबाकी परस्पर शेअरमध्ये वळवायची तर मूल्यांकन आणि ठराव लागतात, असे सांगून त्यांनी सकाळी माझ्या खात्यात 31 लाख आरटीजीएसने पाठवले. दुपारी मी पत्नीच्या नावावरची मुदत ठेव मोडून आलेले 14 लाख त्यात मिळवले आणि 45 लाख 'शेअर अर्जाची रक्कम' म्हणून त्यांच्या खात्यात भरले. माझे सगळे येणे साधारण तीन तास माझ्या हातात होते.

त्या तीन तासांनी काय गेले हे मला नंतर कळले. माझा कारखाना उद्यम नोंदणीकृत आहे, म्हणजे सरकारदरबारी लहान उद्योग म्हणून नोंदलेला आहे. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते आणि दाद मागण्यासाठी सुविधा परिषद आहे. कागदोपत्री माझी बिले चुकती झाल्यामुळे हा रस्ता माझ्यापुरता बंद झाला. उलट बँकेला दाखवण्यासाठी कंपनीकडे 45 लाखांचे 'नवे भांडवल' तयार झाले, ज्यातले 31 लाख सकाळी तिच्याच खात्यातून निघालेले होते. खासगी वाटपाने, म्हणजे बाजारात न जाता निवडक लोकांनाच, शेअर देताना कंपनीने पीएएस-4 नमुन्यात प्रस्तावपत्र द्यायचे असते, पैसा शेड्यूल्ड बँकेतील वेगळ्या खात्यात ठेवायचा असतो आणि 60 दिवसांत वाटप करायचे असते. ते न झाल्यास पुढच्या 15 दिवसांत रक्कम परत करायची आणि तेही न केल्यास 12 टक्के वार्षिक व्याज द्यायचे, असे कंपनी कायद्याचे कलम 42 सांगते. मला मिळाली ती लेटरहेडवरची एक पावती. पैसे मी भरले ते खाते त्यांचे नेहमीचे कॅश क्रेडिट खाते होते, जे मर्यादेला टेकलेले असल्याने माझी रक्कम पडताक्षणी गिळून मोकळे झाले.

यानंतरची गोष्ट लिहायला मला लाज वाटते, पण तीच सर्वांत महत्त्वाची आहे. एप्रिल 2024 मध्ये कंपनीचा हिशेबनीस नेहमीप्रमाणे वर्षअखेरीची शिल्लक-पुष्टी, म्हणजे एकमेकांचे देणे-येणे मान्य असल्याचा कागद, घेऊन आला. दोन कागद होते, सारख्याच मजकुराचे दिसणारे. डिस्पॅचची घाई होती. मी उभ्या उभ्या दोन्हींवर सही केली आणि कारखान्याचा शिक्का मारला. पहिल्या कागदावर कंपनी मला किती देणे आहे ते होते. दुसऱ्यावर काय होते ते ऑगस्टमध्ये कळले, जेव्हा कंपनीचा माल आणि येणी तपासायला बँकेने नेमलेल्या स्टॉक ऑडिटरचे पत्र आले. 31 मार्च 2024 रोजी आपल्याकडून सदर कंपनीस 58,40,000 रुपये येणे आहेत, ही रक्कम अद्याप का दिलेली नाही, असे त्यात विचारले होते आणि सोबत माझ्या सहीची छायाप्रत होती. पुरवठादार असलेला मी कंपनीच्या येण्यांच्या यादीत ग्राहक म्हणून बसलो होतो.

कॅश क्रेडिटमध्ये बँक पैसे उचलू देते ते माल आणि येणी यांच्या आधारावर. कंपनी ठरावीक काळाने स्टॉक स्टेटमेंट देते, त्यातून मार्जिन (कंपनीने स्वतः घालायचा वाटा) आणि जुनी येणी वजा करून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, निघते. माल फुगवला आणि येणी फुगवली की ड्रॉइंग पॉवर फुगते. माझी वाढलेली 12 हजार खोकी या 'माला'चे कवच होती आणि माझी सही या 'येण्यां'चा पुरावा. 2009 च्या 7 जानेवारीला सत्यम या संगणक कंपनीच्या अध्यक्ष रामलिंग राजूंनी ताळेबंदातील 5,040 कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याचे पत्र लिहिले, तेव्हा ती हैदराबादच्या मोठ्या लोकांची भानगड म्हणून मी पेपर बाजूला ठेवला होता. बुटीबोरीत रोकडीऐवजी मिरची नव्हती, एवढाच फरक.

ऑडिटरचे पत्र आल्याच्या रात्री माझ्या भाच्याने, जो एका सनदी लेखापालाकडे आर्टिकलशिप करतो, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या कंपनीचे नाव टाकले. बोजांची, म्हणजे कंपनीच्या मालमत्तेवर नोंदलेल्या कर्जांची, यादी फुकट दिसते. तीत बँकेची 6 कोटींची कॅश क्रेडिट मर्यादा, तिचेच 3.50 कोटींचे मुदत कर्ज आणि जुलै 2023 मध्ये एका वित्त कंपनीकडून घेतलेले 2.25 कोटी, असा 11.75 कोटींचा बोजा नोंदलेला होता. त्यातला अखेरचा बोजा ताळेबंदाच्या तारखेनंतरचा असल्याने तो सोडला तरी उरलेल्या 9.50 कोटींचा मला दाखवलेल्या 4.10 कोटींशी मेळ बसत नव्हता. मग 100 रुपये भरून त्याने कंपनीची सार्वजनिक कागदपत्रे उघडली आणि वार्षिक हिशेब दाखल करण्याच्या एओसी-4 या नमुन्यासोबत जोडलेला 2022-23 चा खरा ताळेबंद निघाला. विक्री 27 कोटी, नफा 38 लाख. मला दिलेल्या प्रतीवरचा यूडीआयएन सनदी लेखापालांच्या संस्थेच्या, आयसीएआयच्या, पोर्टलवर तपासला, तर क्रमांक अस्सल होता, पण त्याखाली लेखापालाने नोंदवलेली उलाढाल 27 कोटींचीच होती. खऱ्या अहवालाचा क्रमांक खोट्या आकड्यांखाली छापला होता. जुलै 2019 पासून सर्व लेखापरीक्षा अहवालांना हा क्रमांक बंधनकारक आहे आणि तो कोणालाही दोन मिनिटांत, फुकट तपासता येतो. त्यामुळे यूडीआयएन पाहून समाधान मानणे आणि यूडीआयएन तपासणे यांत माझे 45 लाख मावले.

खऱ्या ताळेबंदाची टिपणे वाचताना भाचा एका पानावर थांबला. ताळेबंद कसा मांडायचा हे सांगणाऱ्या, कंपनी कायद्याच्या अनुसूची तीनमध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार 1 एप्रिल 2021 पासून, चालू मालमत्तेच्या तारणावर कर्ज घेणाऱ्या कंपनीला बँकेस दिलेली तिमाही विवरणे हिशेबाच्या पुस्तकांशी जुळतात की नाही, आणि जुळत नसल्यास किती व का, हे टिपणांत लिहावे लागते. मर्यादा 5 कोटींच्या वर असेल तर लेखापरीक्षकालाही कारो 2020 या लेखापरीक्षा अहवालाविषयीच्या आदेशाखाली त्यावर बोलावे लागते. त्या पानावर चारही तिमाह्यांचा तक्ता होता. मार्च 2023 ला बँकेस सांगितलेली येणी 8.90 कोटी, पुस्तकातली 5.20 कोटी. फरकाचे कारण, 'बँकेस दिलेले आकडे तात्पुरते होते'. चारही वेळा तात्पुरते, चारही वेळा वरच्याच बाजूला. लेखापरीक्षकाने आपले काम केले होते. कागद मी पैसे दिले त्याच्या आधीपासून सरकारदरबारी जाहीर पडून होता, आणि तो बँकेच्या फाइलमध्येही असणारच. कोणी वाचला नाही.

त्याच ताळेबंदात व्यापारी देण्यांची फोड असते, त्यात सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे वेगळे दाखवावे लागते. मार्च 2023 ला माझे 19 लाख बाकी होते आणि माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असतो. त्या ओळीसमोर 'निरंक' लिहिले होते. दुसरे काहीही न कळणाऱ्या पुरवठादाराला ही एक ओळ तपासता येते, कारण तिचे उत्तर त्याच्या स्वतःच्या खातेवहीत असते. तिथे आपले पैसे नसतील, तर बाकीच्या पानांवर विश्वास ठेवायचे कारण उरत नाही.

संचालकांना फोन केला, तेव्हा त्यांनी आधी समजूत काढली, मग ऑडिटरला 'सहमत' असे लिहून द्या, महिनाभरात सगळे सरळ होईल, असे सुचवले. मी लिहून दिले नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये कंपनीचे खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, झाले. गोदामात बँकेचे लोक गेले तेव्हा पुढच्या दोन रांगांमागची खोकी एका हाताने उचलली जात होती, असे त्यांच्यासोबत गेलेल्या हमालाने मला सांगितले. मी नागपूर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली आहे. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि शिल्लक-पुष्टीचा तो दुसरा कागद माझ्यासमोर सरकवला. तक्रारदार म्हणून गेलेला मी पुढचा तासभर त्या कागदाबद्दल उत्तरे देत होतो.

कंपनीची येणी बँकेकडे तारण असल्यामुळे ती थेट वसूल करण्याचा अधिकार बँकेला आहे. त्यानुसार बँकेच्या वकिलांनी मला 58,40,000 रुपये भरण्याची नोटीस पाठवली आहे. उत्तराला आम्ही दोन वर्षांची माझी जीएसटीआर-2बी विवरणे, ज्यांत मला माल विकणाऱ्यांची बिले आपोआप उमटतात, जोडली आहेत. त्या कंपनीने मला खरोखर माल विकला असता तर तिचे एखादे तरी बिल त्यात उमटले असते, आणि एकही नाही. वकील म्हणाले, की हा पुरावा चांगला आहे. मग चश्मा काढून त्यांनी विचारले, "पण सही तुमचीच आहे ना?" मी हो म्हणालो, आणि त्यांनी ते लिहून घेतले.