अपियाच्या बाजारातला उलू: माआफाला घ्यावा की पुओउ?

उलू म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस. सामोआची राजधानी अपिया इथल्या फुगालेई बाजारात तो ढिगाने मिळतो. नवखी माणसं आधी उलूची जात विचारतात, माआफाला की पुओउ. खरं तर आधी फळ किती भरलंय ते पाहावं. पूर्ण भरलेल्या उलूच्या सालीवरचे उंचवटे सपाट होतात, मधल्या रेघा तपकिरी पडतात आणि वर चिकाचे थेंब वाळलेले दिसतात. साल हिरवीगार आणि खडबडीत असेल तर फळ कोवळं. ते उकडलं की पाणचट लागतं. दाबल्यावर मऊ लागलं तर पिकायला लागलंय, गोड खायला ठीक, पण त्याचे काप तळले तर आतून शिजायच्या आत बाहेरून काळे पडतात. आपटलेलं फळ एकाच बाजूने मऊ होतं, म्हणून फिरवून बघा.

आता जात. माआफाला लहान, लांबट, साधारण पाऊण किलोचा, बिया नसतात किंवा अगदी थोड्या. दोनतीन माणसांच्या घराला हाच घ्यावा, एका वेळेला संपतो. पुओउ मोठा आणि गोलसर. उमूत, म्हणजे तापलेल्या दगडांच्या भट्टीत, भाजायला आणि जास्त पंगतीला तो बरा. उलू फिती या तिसऱ्या जातीत बिया निघतात. त्या टाकू नका, उकडून किंवा भाजून खाता येतात.

घरी फाआलिफू, म्हणजे नारळाच्या रसातला उकडलेला उलू, करून बघायला एक माआफाला पुरतो. देठ कापून फळ उलटं ठेवा, चीक निथळू द्या. सुरीला आणि हातांना तेल लावा, नाहीतर चीक धुता धुता संध्याकाळ होते. साल आणि मधला दांडा काढून मोठे तुकडे करा, मिठाच्या पाण्यात पंधरावीस मिनिटं उकडा, पाणी ओतून टाका. वर एका नारळाचा घट्ट रस, एक चिरलेला कांदा आणि मीठ घालून मंद आचेवर गरम करा. खळखळ उकळलात तर रस फुटतो.

ताउफोलो या कुटलेल्या उलूच्या गोळ्यांसाठी मात्र भाजलेला उलू गरम असतानाच कुटायला हवा, थंड झाल्यावर गर गुळगुळीत होत नाही. नारळाच्या रसातले हे गोळे बाजारात तयार मिळाले तर जरूर घ्या. घरी ते करणं म्हणजे चांगलीच मेहनत.

फ्रिजमध्ये अख्खं फळ ठेवू नका, साल काळी पडते. पाण्यात बुडवून ठेवलं तर काही दिवस पिकणं लांबतं. जास्तच आणलं असेल तर उकडून फ्रीझरमध्ये टाका. मोसमातला ढीग टिकवण्याची जुनी तऱ्हा वेगळी: सोललेली फळं पानांचं अस्तर दिलेल्या खड्ड्यात दाबून, वर दगड ठेवून आंबवायची. त्याला मासी म्हणतात. वास उग्र असतो आणि पाणी शिरलं की सगळं नासतं. शहरातल्या घरात हा उद्योग नकोच.

ढिगासोबत उलूची मोठी पानं मिळाली तर तीही घ्या. विस्तवावर धरून मऊ केली की पालुसामीची, म्हणजे नारळाचा रस भरलेल्या अळूच्या पानांची, पुरचुंडी बांधायला उपयोगी पडतात.