यूव्हीबी ट्यूब, समुद्रफेस आणि बंड्या : पावसाळ्यापासूनचा अनुभव

शेजाऱ्यांची बदली झाली आणि त्यांचं कासव आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आलं. रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा. पुढच्या पायांची नखं लांबलचक, म्हणजे नर, म्हणून नाव बंड्या. कवचाची मागची कड अंगठ्याने दाबली की जराशी दबायची. व्हेटने हात लावताक्षणी सांगितलं, याला कॅल्शियम नाही आणि ऊनही नाही.

जूनमध्ये झू मेडची रेप्टीसन ५.० ही टी-फाइव्ह (बारीक) ट्यूब घेतली, २४ वॅटची. ती यूव्हीबी देते, म्हणजे उन्हातले अतिनील-बी किरण. इथे महाग पडते, पण बाकी कशातही काटकसर करा, यात करू नका. बंड्याबरोबर एक पिळाचा छोटा यूव्हीबी बल्बही आला होता, टाकीच्या काचेच्या झाकणावर ठेवलेला. काच यूव्हीबी जवळपास सगळी अडवते, त्यामुळे त्याचा उपयोग फक्त टाकी उजळायला. गॅलरीच्या बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हाचंही तेच. आणि उजेड किती पडतो यावरून काही ठरवता येत नाही. साधा एलईडी या ट्यूबपेक्षा लख्ख दिसतो, त्यात यूव्हीबी नसतेच.

ट्यूब उघडी टांगली आहे, मध्ये काच नाही, जाळी नाही. खाली कोरडा दगड, बंड्याच्या पाठीपासून ट्यूब साधारण ३० सेंटीमीटरवर. ही ट्यूब ऊब देत नाही, म्हणून शेजारी ५० वॅटचा हॅलोजन लावला. दगडावर ३२-३३ अंश मिळायला हवेत, कारण यूव्हीबीने कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला अंग तापलेलं लागतं. थंड कासवावर कितीही यूव्हीबी पाडा, काम अर्धवटच. दोन्ही दिवे टायमरवर, सकाळी सात ते संध्याकाळी सात.

खरी परीक्षा जुलैमध्ये. आमच्याकडे तेव्हा आठवडे-आठवडे ऊन दिसत नाही, आणि बहुतेक घरांतली कासवं याच दिवसांत मरगळतात. बंड्या रोज दगडावर चारी पाय ताणून पडायचा. दिवाळीनंतर मी त्याला सकाळी टबात घालून गच्चीवर न्यायला लागले. खऱ्या उन्हाची सर ट्यूबला नाही, तेही फुकट. मात्र अर्ध्या टबावर सावली हवी आणि आपण तिथून हलायचं नाही. घारी टपलेल्या असतात.

खाण्याचं गणित सोपं आहे, घरच्यांना पटवणं अवघड. आधी तो नुसत्या सुक्या कोळंबीवर होता. आता एक दिवसाआड चांगल्या पेलेट (कासवाच्या खाद्याच्या गोळ्या), त्याही एकूण त्याच्या डोक्याएवढ्याच, आणि रोज पाला : शेवग्याची पानं, लेट्यूस, कधी किसलेलं गाजर किंवा लाल भोपळा. पालक नाही, त्यातलं ऑक्झालेट कॅल्शियम धरून ठेवतं. आठवड्यातून एखादा छोटा मासा, काट्यासकट. सुकट नको, खारट असते. आणि पाण्यात सतत समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिशच्या कॅल्शियमयुक्त हाडाचा, तुकडा, मागचा कडक पापुद्रा काढून टाकलेला. पहिले काही आठवडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, मग एका रात्री कुरकुर आवाज यायला लागला. सासूबाईंचा आग्रह अजून कवचाला खोबरेल लावण्याचाच आहे. तेलाने चमकतं, पण कवच घट्ट होतं ते आतून. तेलाचा चिकट थर उलट घाण धरतो.

फरक? कड आता दबत नाही. हिवाळ्यात पाठीवरचे जुने पापुद्रे निघाले, अंगठ्याच्या नखाएवढे, पारदर्शक, उजेडात धरले की त्यावर वाढीच्या रेषा मोजता येतात. खाली नवं कवच गुळगुळीत, हिरवट. पापुद्रे आपणहून पडू द्यायचे, सोलायचे नाहीत. पांढरे मऊ डाग किंवा वास आला तर ती पापुद्र्यांची गळती नव्हे, कवच सडतंय, सरळ व्हेटकडे जायचं. पाठीच्या मध्यावर आलेला उंचवटा मात्र तसाच आहे, आणि तो जाणारही नाही, असं व्हेट म्हणाले.

तक्रारी दोन. पहिली ट्यूब पार्सलमधून फुटून आली आणि विक्रेत्याने पैसे परत द्यायला महिनाभर फिरवलं. दुसरी, ट्यूब पेटत राहिली तरी वर्षभरात तिची यूव्हीबी उतरते, म्हणजे हा खर्च दरवर्षीचा. लावल्याची तारीख मार्करने पट्टीवरच लिहून ठेवली आहे. पुढची मेमध्येच मागवणार, आणि उघडताना व्हिडिओ काढणार.