०डब्ल्यू-२० वर नागपूरचा उन्हाळा: होंडा सिटी पेट्रोलचा अनुभव

गाडी पाचव्या पिढीची होंडा सिटी, १.५ लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर. वॉरंटी संपल्यावर घराजवळच्या गॅरेजात सर्व्हिसिंग सुरू झालं आणि तिथल्या शिरस्त्याप्रमाणे ५डब्ल्यू-३० ग्रेडचं इंजिन ऑइल पडू लागलं. गॅरेजवाल्याचं म्हणणं ठरलेलं: "भाऊ, ते पातळ ऑइल थंड देशासाठी असते. आपल्या इकडच्या उन्हात टिकत नाही." गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत मात्र त्याहून पातळ ०डब्ल्यू-२० लिहिलेलं. दिवाळीनंतरच्या सर्व्हिसिंगला कॅन स्वतः नेला आणि तेच भरून घेतलं. आता हिवाळा, अख्खा उन्हाळा आणि अर्धाअधिक पावसाळा त्यावर गेला आहे.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच ग्रेडच्या, एकाच एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जाच्या दोन चांगल्या फुल सिंथेटिक ऑइलांतला फरक स्टिअरिंगमागे बसून कळतो असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. हा अनुभव ग्रेडचा समजा.

उन्हाचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळी भीती तिथेच आहे. बाहेर ४६ अंश असोत की १२, थर्मोस्टॅट कूलंटला ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारा ओबीडी डोंगल लावून मी जानेवारीची सकाळ आणि मे महिन्याची दुपार दोन्ही पाहिल्या; इंजिन तापल्यावर आकड्यांत फरक थोडक्या अंशांचाच. ऑइल तर धावताना शंभरीच्या आसपास असतं. तिथे बाहेरच्या पाऱ्याची मातब्बरी किती उरणार? ग्रेडमधला पहिला, डब्ल्यूचा आकडा थंडीतला; दुसरा या तापलेल्या अवस्थेबद्दलच बोलतो: १०० अंशांना २० ग्रेडची व्हिस्कॉसिटी (म्हणजे जाडपणा) ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्स, ३० ची ९.३ ते १२.५, ४० ची १२.५ ते १६.३. यांतलं कुठलं लागणार हे ठरतं बेअरिंगमधल्या फटीवर, ऑइल पंपावर आणि झडपांचं टायमिंग ऑइलच्या दाबावर हलवणाऱ्या यंत्रणेवर. सिटीत ती यंत्रणा आहे. गाडी नागपूरची की नाशिकची, याचा त्यात संबंध येत नाही.

आणि "पातळ" म्हणजे तरी किती? बाजारातल्या ०डब्ल्यू-२० ची व्हिस्कॉसिटी ४० अंशांना साधारण चाळीसच्या घरात असते, तापल्यावर ती आठच्या आसपास येते. म्हणजे मे महिन्यात उन्हात उभी असलेली गाडी सुरू करतानाही त्यातलं ऑइल इंजिनाला हवं त्यापेक्षा पाचपट जाड असतं. जुन्या सवयीचं १५डब्ल्यू-४० त्याच ४० अंशांना शंभराच्या पुढे. पहाटे इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत आधी कोण पोचेल, हे सांगायला नको.

प्रत्यक्षात काय जाणवलं? डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी स्टार्टनंतर जो हलका टकटक आवाज क्षणभर यायचा, तो कमी झाला. उन्हाळ्यात तसा आवाज आधीही नव्हता, त्यामुळे तिथे सांगण्यासारखं काही नाही. पिकअपबद्दल लोक भरभरून लिहितात. मला काही वेगळं वाटलं नाही. मायलेज किंचित बरं दिसतं, पण टाकी फुल-टू-फुल मोजल्यावर जेवढा फरक आला, तेवढा टायरमधली हवा आणि एसीसुद्धा पाडतात. केवळ मायलेजसाठी ग्रेड बदलणार असाल तर अपेक्षा बेताची ठेवा.

खरी धास्ती होती ती समृद्धी महामार्गाची. भर उन्हाळ्यात, दुपारी, एसी लावून शिर्डीपर्यंत १२० च्या मर्यादेच्या जवळपास सलग धावणं म्हणजे पातळ ऑइलची खरी परीक्षा. दुसरी परतवाड्याहून चिखलदऱ्याची चढण, चार माणसं, डिकी भरलेली, दुसरा-तिसरा गिअर. दोन्हींनंतर गाडी सपाट जागी थंड करून डिपस्टिक पाहिली. पातळी वरच्या खुणेपासून जराशी खाली, बस. मधे टॉप-अप करावा लागला नाही. ऑइल काळं पडलं, पण ते पडणारच. काजळी पोटात घेणं हे त्यातल्या डिटर्जंटचं कामच आहे.

एका बाबतीत गॅरेजवाल्याची बाजूही घ्यायला हवी. १५० अंशांना, प्रचंड ताणाखाली ऑइल किती जाड उरतं त्याचीही (मिलिपास्कल-सेकंदांत) मोजणी असते. तिथे २० ग्रेडला किमान २.६, ३० ला २.९ आणि ५डब्ल्यू-४० ला ३.५ लागतात. म्हणजे जाड ऑइलमध्ये राखीव ताकद जास्त असते हे खरंच आहे, आणि कंपन्या पातळ ग्रेडकडे वळल्या त्यामागे इंधन वाचवण्याचे सरकारी नियम आहेत हेही खरं. म्हणून ५डब्ल्यू-३० नं माझं इंजिन बिघडलं असतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या इंजिनाच्या फटी आणि पंप २० ग्रेड धरूनच बेतलेत, त्यात कायम ताशी १२० नं न चालवणाऱ्यानं ती राखीव ताकद विकत घेऊन करायचं काय? जुनं, ऑइल पिणारं इंजिन असेल आणि पुस्तिकेत एक पायरी जाड ग्रेडला परवानगी असेल, तर गोष्ट वेगळी.

ग्रेडच्या वादात एपीआयचा दर्जा बघायचा राहून जातो, आणि टर्बो पेट्रोलवाल्यांसाठी तोच जास्त महत्त्वाचा. कमी आरपीएमवर जोर मागितला की डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात ठिणगीआधीच पेट घेण्याचा धोका असतो, त्यानं पिस्टनही फुटू शकतो. २०२० साली आलेल्या एसपी दर्जात याची चाचणी आहे. दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या, आधीच्या एसएन दर्जाच्या ऑइलचा ग्रेड बरोबर असला तरी टर्बोत ते टाकू नका.

डिझेलचं तर वेगळंच. भावजींची बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे, तिच्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. तिथे एसीईए या युरोपीय मानकातलं सी२ किंवा सी३ ऑइल लागतं, जे पुस्तिकेत असेल ते. जळलेल्या ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये साचते आणि रीजनरेशननं, म्हणजे फिल्टर तापवून, काजळी जळते, राख जळत नाही. सी३ मध्ये सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांच्या आत ठेवलेली असते. त्याच मानकातल्या ए३/बी४ मध्ये ती दीड टक्क्याच्या पुढेही जाऊ शकते, मग बाटलीवरचा ५डब्ल्यू-३० हा आकडा दोन्हींवर सारखाच का असेना. भावजी फक्त सीताबर्डी ते मनीषनगर करतात, त्यामुळे रीजनरेशन अर्धवट राहून त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. त्यांच्या डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढलंय म्हणून खूश व्हायचं नसतं, लवकर बदलायचं असतं.

माझा क्रम १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते. इंजिनात फिल्टरसकट साडेतीन लिटरच्या आसपास बसतं, ड्रेन प्लगचं वॉशर दर वेळी नवं. कॅनचं सील समोर फोडायला लावा आणि रिकाम्या कॅनचं झाकण कापून टाका, नाहीतर तोच भरून पुन्हा विकला जातो. वॉरंटीतली गाडी असेल तर बिलावर नुसतं "सिंथेटिक ऑइल" न लिहिता ग्रेड आणि एपीआय दर्जा दोन्ही लिहून घ्या.