सेकंडहँड कोट, शर्ट, जीन्स: एका बेळगावकराचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यापासून बनियन, मोजे आणि आतले कपडे सोडले तर मी अंगावर नवीन काही घेतलेलं नाही. शर्ट, पँटी, जीन्स, एक ट्वीडचा (जाड लोकरी कापडाचा) कोट, एक बंद गळ्याचा कोट, एक ओजी म्हणजे लष्करी ऑलिव्ह ग्रीन जर्सी, सगळं आधी दुसऱ्याने वापरलेलं. आता थंडी सरत आली. बेळगावचं ऊन, पाऊस आणि डिसेंबरातला गारठा या तिन्हींतून हा माल गेलाय, तेव्हा बरंवाईट लिहायला हरकत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात परदेशी ब्रँडच्या 'व्हिंटेज'मागे धावण्यात अर्थ नाही. खरा जुना माल म्हणजे बेळगाव, निपाणी, संकेश्वर, कोल्हापूर इथल्या टेलरांनी मापाने शिवलेले कोट, पँटी आणि बंद गळे. तो स्वस्त मिळतो, दुरुस्त करता येतो, आणि त्याची नक्कल करून कुणाला चार पैसे सुटणार नाहीत, म्हणून नकली निघत नाही. गल्लीतल्या टेलरचं लेबल डुप्लिकेट छापायला कोण बसलंय?

माल येतो कुठून ते आधी समजून घ्या, कारण अस्सल-नकलीचं अर्धं उत्तर तिथेच असतं. खासबागच्या रविवारच्या बाजारात कडेला जुने कपडे पसरून बायका बसतात. बोहारणी गल्लोगल्ली फिरून भांड्यांवर जे कपडे घेतात, ते निवडून, धुऊन, इस्त्री मारून तिथे येतात. टिळकवाडीत नाहीतर शहापुरात कुणाचे आजोबा गेले, कपाट रिकामं करायची वेळ आली, की त्यांचा लग्नातला सूट एका स्टीलच्या डब्यावर जातो. ऐकायला बरं वाटत नाही, पण चांगला माल याच वाटेने येतो. दुसरा प्रकार एक्स्पोर्ट सरप्लसचा. हा जुना नसतोच. ऑर्डर रद्द झालेला किंवा तपासणीत बाद झालेला नवा माल, लेबल अर्धं कापलेलं. घ्यायला हरकत नाही, पण काही पोरं तोच 'व्हिंटेज' म्हणून फोटो टाकून विकतात, त्यांना नमस्कार. तिसरा परदेशी गाठींतला. वापरलेले कपडे जसेच्या तसे विक्रीसाठी देशात आणायला परवाना लागतो. फाडून चिंध्या केलेला माल मात्र येऊ शकतो, आणि त्यातल्या लोकरीचा पानिपतच्या गिरण्यांत धागा होऊन ब्लँकेटं बनतात. गुजरातेतल्या कांडला बंदरात निवडानिवड होते, त्यातलं काहीबाही बाजारात झिरपतं. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात तर अंजुनाच्या बुधवारच्या बाजारातही परदेशी लोकांनी वापरलेले कपडे मिळतात. तिथे भाव विचारायचा तो ऐकून परत फिरण्यासाठी.

आता कोटाबद्दल, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ त्यातच गेलेत. खासबागेत एक राखाडी बंद गळा दिसला. मी तो उलटा करून खिसे, अस्तर, काखेतली शिवण बघत होतो, तर मावशी वैतागल्या. "काय बघूलायस रे एवढं उलटंपालटं? कापड बघ की!" कापड चांगलंच होतं, पण मला आतल्या खिशावरचं लेबल हवं होतं. बोटभर विणलेली पट्टी. टेलरचं नाव, गल्ली, इंग्रजीत 'बेळगाम' आणि त्याखाली 'म्हैसूर स्टेट'. पिनकोड नाही.

एवढ्यावरून बरंच कळतं. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं ते 1 नोव्हेंबर 1973 ला. पिनकोड देशात सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला, आणि शहराचं नाव सरकारदरबारी बेळगावी झालं 1 नोव्हेंबर 2014 ला. म्हणजे लेबलवर 'म्हैसूर स्टेट' असेल तर ते 1956 नंतर छापलेलं, आणि 590 ने सुरू होणारा पिन असेल तर 1972 च्या आधीचं नक्की नाही. उलट दिशेने मात्र ही खूण तेवढी पक्की नाही. टेलर लेबलं एकदम हजारांनी विणून घेतो आणि गठ्ठा संपेपर्यंत लावत राहतो, राज्याचं नाव बदलो नाहीतर फोन नंबरचे आकडे वाढोत. 'बेळगाम' तर लोक आजही लिहितात, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. लेबल 'याच्या आधीचं नाही' एवढं सांगतं, 'याच्या नंतरचं नाही' असं सांगत नाही. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली तर अर्धी फसवणूक टळते. जाता जाता: याच गल्ल्यांतल्या जुन्या कोटांवर मी मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लिप्यांतली लेबलं पाहिली. दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात हे इथलं भांडण कोटाच्या आतल्या खिशापर्यंत पोचलेलं दिसत नाही.

तो बंद गळा मी शहापुरातल्या एका म्हाताऱ्या टेलरमामांकडे नेला. त्यांनी लेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ काज उलटं केलं. "हे बघ, हे आधी कापलंय, मग हातानं शिवलंय. कडेला गाठींची रांग दिसूलालीय न्हवं? मशीन आधी शिवतंय, मग मधे कापतंय. म्हणून मशीनच्या काजात आतनं दोऱ्याची कुसं राहतात." मग त्यांनी पाठीमागची मधली शिवण चाचपली. आत बोटभर माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, सोडलेली. रेडीमेड कोटात एवढी माया कुणी ठेवत नाही, कापड वाया जातं. मापाने शिवणारा टेलर ठेवतो, कारण गिऱ्हाईकाचं पोट सुटणार हे त्याला ठाऊक असतं. त्याच मायेच्या जोरावर माझ्या अंगाला तो कोट नीट बसला.

तिसरी परीक्षा तुम्ही दुकानात उभ्या-उभ्या करू शकता. सगळ्यात खालच्या बटणाजवळ कापड चिमटीत धरा आणि वरचं कापड व अस्तर एकमेकांपासून ओढून बघा. मधे तिसरा थर सुटा हलतो असं जाणवलं तर आत कॅनव्हास (कोटाला आकार देणारं, शिवून बसवलेलं कापड) आहे. वरचं कापडच जाड, पुठ्ठ्यागत लागलं आणि मधे काही हललं नाही, तर तिथे फ्युजिंग, म्हणजे गोंदाचा थर, इस्त्रीने चिकटवलेलं. फ्युजिंगचे जुने कोट धुलाईत छातीवर फोड आल्यासारखे फुगतात आणि त्यावर इलाज नाही. असा कोट फुकट मिळाला तरी मी घेत नाही.

परदेशी मालाचं थोडक्यात सांगतो. एका इन्स्टाग्राम विक्रेत्याने सत्तरीच्या आधीची लिव्हाइस म्हणून जीन्स दाखवली, भाव माझ्या महिन्याच्या किराण्याएवढा. खिशावरच्या लाल पट्टीत नावातलं ई अक्षर मोठं होतं, आणि ते मोठं ई 1971 च्या सुमारास बंद झालं हे खरं आहे. पण आतले फोटो मागवले तर धुण्याच्या सूचनांची छापील पट्टी शिवलेली. अमेरिकेत कपड्यावर अशी पट्टी लावायचा नियम लागू झाला तो 1972 ला. दोन्ही गोष्टी एकाच पँटीवर म्हणजे एक तर कंपनीनेच जुन्या नमुन्यावर नव्याने काढलेली, नाहीतर सरळ डुप्लिकेट. त्याला तसं विचारलं, तर त्याने मला ब्लॉक केलं.

अशा विसंगती शोधायच्या, एकच खूण धरून बसायचं नाही. लिव्हाइसच्या मागच्या खिशातल्या लपवलेल्या रिव्हेट (कापडाआड ठोकलेले धातूचे खिळे) 1937 ते 1966 च्या दरम्यानच्या. अमेरिकन कपड्यावर आरएन (नोंदणी क्रमांक) आणि पुढे आकडा असतो. तो तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या साइटवर टाकला की कंपनीचं नाव निघतं. पण आकडा कंपनीला मिळालेला असतो, कपड्याला नाही, त्यामुळे तीस वर्षं तोच चालू शकतो. लोकरीच्या लडीसारखी दिसणारी वुलमार्क ही शुद्ध लोकरीची खूण 1964 ची, तेव्हा ती असलेला कोट 'दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला' असू शकत नाही. 'वेस्ट जर्मनी' लिहिलेलं 1949 ते 1990 मधलं. आणि आपल्याकडच्या ब्रँडांचं तर सोपं आहे: लुई फिलिप भारतात आला 1989 ला, पीटर इंग्लंड 1997 ला. ऐंशीच्या सुरुवातीचा, इथल्या बाजारातला पीटर इंग्लंड कुणी दाखवला तर चहा पाजा आणि निघा. टी-शर्टच्या बाहीला एकेरी टाका असला की जुना, असं पोरं सांगतात. नव्वदीच्या मध्यापर्यंतच्या मालाला ते बरंचसं लागू होतं, पण एकेरी टाका मारायला आज कोणती मशीन अडते?

माझा ट्वीडचा कोट हॅरिस ट्वीडचा आहे. गोल आणि त्यावर क्रूस अशी खूण, मागे नंबर. ही खूण 1910 च्या सुमाराची. 1993 च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे हे कापड स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर, तिथल्याच लोकांनी घरच्या मागावर विणलेलं असावं लागतं, आणि लोकरही तिथेच रंगवून कातलेली. लेबल मात्र वेगळं येतं आणि कोट शिवणारा लावतो, म्हणजे एका कोटावरचं उसवून दुसऱ्यावर टाकता येतं. म्हणून मी लेबलाच्या चारी बाजूंचा टाका पाहिला. दोऱ्याचा रंग आणि जुनेपणा अस्तराच्या बाकी शिवणीसारखाच होता, लेबलाखालचं अस्तर बाजूच्यापेक्षा कमी विटलेलं. म्हणजे ते पहिल्यापासून तिथेच होतं. मग शिवणीतल्या मायेतला एक धागा ओढून काडीवर जाळला. केस जळल्याचा वास, आणि राख बोटांत चुरगळली. पॉलिएस्टर असतं तर वितळून टणक मणी झाला असता. सुती असतं तर कागदाचा वास.

वापराचं बोलायचं तर ट्वीड डिसेंबर-जानेवारीत पहाटे एसटी स्टँडवर उभं राहायला लाजवाब, दुपारी बारानंतर अंगावर शिक्षा. मानेला टोचतं. पावसाळ्यात कपाटात ठेवला तर बुरशीचा कुबट वास धरला, तो दोन-तीन उन्हं दिल्यावर गेला. कसर लागून बाहीला एक भोक पडलं, रफूला कोटाच्या निम्मे पैसे गेले. बंद गळ्याचं अस्तर काखेत विरलेलं होतं, ते मामांनी बदललं. आता लग्नसराईत तोच चालतो आणि "कुठं शिवलास?" असं हमखास विचारतात.

जुन्या टेरिकॉटच्या पँटी मात्र कुणी घेऊ नयेत, निदान मे महिन्यात तरी. इस्त्री मोडत नाही, रंग जात नाही, शिवण उसवत नाही, आणि हवाही जात नाही. सरप्लसचे सुती शर्ट ठीक. बटणं कच्ची निघतात, आल्याबरोबर दोऱ्याने घट्ट करून घ्या. जीन्स घेताना फक्त दोन्ही मांड्यांमधली शिवण उजेडाकडे धरा. तिथे कापड झिरझिरीत दिसलं तर बाकी कितीही भारी असू दे, दोन महिन्यांत फाटणार.

पैसा वसूल म्हणाल तर ओजी जर्सी. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथेच असल्याने जुन्या जर्स्या कॅम्पाच्या आसपास निघतात. खांद्यावर आणि कोपरावर कापडाचे तुकडे लावलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली. एवढंच, की लष्कराचे गणवेश नागरिकांनी घालणं गुन्हा होऊ शकतो, आणि 2022 साली आलेल्या नव्या नमुन्याचं कापड खुल्या बाजारात विकायला बंदी आहे. साधी जर्सी, बिल्ले-पट्ट्या काढलेली, एवढ्यावर थांबा. नव्या छापाचं कुणी देत असेल तर एक तर ते बेकायदा, नाहीतर नकली.

स्वच्छतेचं घरातल्यांनी खूप डोकं खाल्लं, म्हणून लिहितो. सुती असेल तर कढत पाण्यात भिजवून, उन्हात वाळवून, आतून-बाहेरून इस्त्री. लोकरीला कढत पाणी चालत नाही, आटते. ती रिठ्याच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने, न पिळता. कोट धुता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचा. खरजेचे किडे माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाहीत. मग ऊन आणि वाफेची इस्त्री. आई अजूनही तो कोट वेगळ्या खुंटीला टांगते, त्यावर औषध नाही.

भावाचं शेवटी. खासबागेत शर्ट शंभरच्या आत, पँट दीडशेच्या आसपास, कोट पाचशे-सहाशेला सुटतो. अस्तर आणि मजुरी धरून माझा बंद गळा बाराशेला पडला. सकाळी लवकर गेलात तर माल बघायला मिळतो, दुपारी उशिरा गेलात तर भाव उतरतो, दोन्ही एकदम जमत नाही. टेप खिशात ठेवा आणि छातीपेक्षा खांद्याचं माप आधी घ्या. बाही, उंची, कंबर टेलर कमी-जास्त करून देतो, खांदा सोडवायचा म्हटला की नवीन कोट शिवण्याएवढी मजुरी सांगतो.