पेठांमधली रविवारची साहित्यफेरी: तीनशे रुपयांत काय मिळतं

पुण्यातल्या पेठांमधून चालत मराठी साहित्याच्या जागा दाखवणारी ही फेरी एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या मॅडम घेतात. सकाळी साडेसहाला भिडेवाड्यापासून निघायचं, साडेनऊच्या सुमारास हिराबागेपाशी संपवायचं. फी ३०० रुपये, विद्यार्थ्यांना १००. "पैसे वसूल होतात का रे?" असं आमच्या शिफ्टमधल्या दोघांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी चाकणला सीएनसी मशीनवर आहे. बारावीनंतर मराठीचं पुस्तक हातात धरलं नव्हतं.

भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. जुना वाडा स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात पाडला, त्यामुळे पाहण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही, हे मॅडम आधीच सांगून टाकतात. मग त्या सावित्रीबाईंच्या कवितेवर येतात. 'काव्यफुले' १८५४ चं, म्हणजे केशवसुतांच्या जन्माच्याही बारा वर्षं आधीचं. तरी आधुनिक मराठी कविता म्हटलं की आपण केशवसुतांपासून का सुरू करतो, असं विचारून मॅडम गप्प उभ्या राहतात. कुणीतरी तोंड उघडेपर्यंत खरोखर गप्प. प्रश्न विचारून उत्तरासाठी एवढा वेळ देणारं कुणी मला शाळेत भेटलं नव्हतं.

विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती, ती माहिती पाच मिनिटांत आटोपते. पण तिथेच फुटपाथवर उभं राहून अभंग शिकवतात, आणि माझ्यासाठी फेरीचे पैसे तिथेच वसूल झाले. 'सुंदर तें ध्यान उभें विटेवरी' आपण लहानपणापासून ऐकतो. मॅडमनी ते बोटांवर मोजायला लावलं. सुंदर तें ध्यान, सहा अक्षरं. उभें विटेवरी, सहा. कर कटावरी, पुन्हा सहा. ठेवूनियां, चार. विटेवरी-कटावरी हे यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, आणि चौथा चरण आखूड, म्हणून म्हणताना तिथे आपोआप श्वास घेतला जातो. मी दिवसभर मायक्रॉनमध्ये मापं घेणारा माणूस. तुकोबांच्या ओळीत इतकं चोख माप आहे हे कळल्यावर अंगावर काटा आला.

कुणीतरी विचारलं, हे असं बोटांवर शिकवायचं कुठून सुचलं? तेव्हा वारीचा विषय निघाला. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी मॅडम दरवर्षी दिवेघाट चढतात. एका वर्षी दिंडीत शेजारी चालणाऱ्या आजींना अख्खा हरिपाठ तोंडपाठ होता आणि मॅडम पुस्तकात बघून म्हणत होत्या. आजी म्हणाल्या, "बाई, मिटा ते, पायाकडं बघा." तेव्हापासून वर्गातही आधी म्हणायचं आणि मग पुस्तक उघडायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की परीक्षा नाही, हजेरी नाही, तरी ही बाई रविवारी पहाटे उठून का येते, ते विचारावंच लागलं नाही.

टिळक रोडवर साहित्य परिषदेच्या दारात चहा होतो. मग हिराबाग. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने पहिलं ग्रंथकार संमेलन इथे भरलं. पुढे १८८५ च्या संमेलनाचं बोलावणं आलं तेव्हा जोतीरावांनी पत्र लिहून नकार कळवला. सगळ्या माणसांच्या हक्कांचा जे मनापासून विचार करत नाहीत, त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय. मॅडमनी ते पत्र वाचलं आणि विचारलं, "तुम्ही असता तर गेला असतात का?" पांढऱ्या टोपीतले एक काका म्हणाले, आत जाऊन भांडायला हवं होतं. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "काका, आत जागाच ठेवली नसेल तर?" वीसेक मिनिटं वाद चालला. मॅडमनी निकाल दिला नाही, फक्त न बोलणाऱ्यांकडे वळून "दादा, तुम्ही सांगा" म्हणत राहिल्या. मीही बोललो. मुलीच्या बाजूने.

खटकलं तेही सांगतो. माईक नाही, आणि सात वाजल्यानंतर शिवाजी रोडच्या हॉर्नमध्ये मागच्यांना निम्मं ऐकू येत नाही. पंचवीस माणसं जास्त होतात, पंधरा घ्यावीत. चहाआधी बसायची सोय नाही, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून यावं. लहान मुलं कंटाळतील. नववी-दहावीची असतील तर मात्र नक्की न्या, वृत्तं आणि अलंकार पाठ करायला लागण्याआधी न्या. सोबत वही ठेवा, पुढे उभे राहा, आणि प्रश्न आला की उत्तर द्या. चुकलं तर मॅडम त्या चुकीवरूनच पुढचं शिकवतात.